पुसण्यापूर्वी वाचावे : वैयक्तिक संगणकावरील जागेचा इतिहास



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाचे शिक्षक होते आणि मी गणिताचा. त्यामुळे यंदाचे पुष्प गुंफण्याचे निमंत्रण आले तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. आजवर या व्यासपीठावरून गायकवाडी राज्यकारभारावर, कागदपत्रांवर, शिलालेखांवर व्याख्याने झाली. त्या पंगतीत संगणकाच्या चकतीवरील जागा मोकळी करण्याचा इतिहास कोठे बसणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. पण हा विषय मी निवडला त्याला एक कारण आहे. सरांच्या हयातीत त्यांचे एक काम माझ्या हातून नष्ट झाले आणि ते याच कामी, म्हणजे जागा मोकळी करताना नष्ट झाले. त्याची हकीकत शाळेत फार थोड्यांना ठाऊक आहे. ती आज सांगावी आणि तिच्या आधाराने या विषयाचा इतिहास मांडावा, असा माझा विचार आहे.

अकरा फाइली

१९९३ साली माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक संगणक भेट दिला. त्याची हार्डडिस्क चाळीस मेगाबाइटची होती. पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून त्यात जिस्ट कार्ड बसवले होते. कार्यालयाशेजारच्या खोलीत तो प्लास्टिकच्या आवरणाखाली असे आणि चपला बाहेर काढल्याखेरीज आत जाण्याची कोणास परवानगी नव्हती. सर तेव्हा निवृत्त झाले होते. शाळेच्या अगदी जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन ते त्यांच्या आठवणी कॅसेटवर ध्वनिमुद्रित करीत आणि दुपारी शाळेत येऊन, कळफलकावरील एकेक अक्षर शोधीत, त्या संगणकावर उतरवीत. अशा अकरा जणांच्या आठवणी तयार झाल्या होत्या. एकूण पाने सुमारे १६५.

१९९५ च्या एप्रिलमध्ये वार्षिक निकालाचे काम चालू असताना यंत्राने चकतीवर जागा नसल्याचा संदेश दिला. दुसऱ्या दिवशी निकाल लावायचा होता. मी फाइलींची यादी पडद्यावर आणली. त्या काळच्या डॉस प्रणालीत फाइलीचे नाव आठ अक्षरांहून मोठे देता येत नसे. सरांनी प्रत्येक फाइलीला त्या व्यक्तीची आद्याक्षरे आणि भेटीची तारीख यांचे मिळून नाव दिले होते. मला ती निरर्थक अक्षरे वाटली, जुन्या चाचण्यांचे काहीतरी उरलेसुरले असावे असा मी समज करून घेतला. उघडून पाहण्यास अर्धा मिनिट लागला असता. मी ते केले नाही. इतर जुन्या मसुद्यांबरोबर त्या अकरा फाइलीही पुसून टाकल्या. सुमारे तीन मेगाबाइट जागा मोकळी झाली आणि निकाल वेळेवर लागला.

हे कसे घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जागा महाग होती

माहिती फिरत्या चुंबकीय चकतीवर ठेवून हवी तेव्हा हवी ती नोंद काढता येईल, असे पहिले व्यापारी यंत्र आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्याचे नाव रॅमॅक. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक रचलेल्या, वजन टनाहून अधिक आणि सामावणारी अक्षरे सुमारे पन्नास लाख. सरांच्या अकरा आठवणींसारखे जेमतेम पंधरा संच त्यात मावले असते. यंत्र भाड्याने देत आणि भाडे महिना ३,२०० डॉलर होते.

घरगुती किंवा कार्यालयीन टेबलावर मावणाऱ्या संगणकापर्यंत ही चकती यायला पंचवीस वर्षे लागली. १९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची हार्डडिस्क आणली. १९८१ साली आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक निघाला तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हतीच, १६० किलोबाइटची फ्लॉपी होती. १९८३ च्या एक्स.टी. या नमुन्यात दहा मेगाबाइटची हार्डडिस्क आली.

जागा इतकी महाग असताना ती वाचवण्याची सवय संगणकाच्या माणसाला जन्मापासूनच लागली. ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रांच्या काळापासून वर्ष लिहिताना शतकाचे दोन आकडे गाळण्याची प्रथा पडली होती. प्रत्येक नोंदीमागे दोन अक्षरे वाचत. लाखो नोंदी असल्या की ती बचत नजरेत भरे. पण त्या गाळलेल्या दोन आकड्यांचे कर्ज शतकाच्या शेवटी फेडावे लागले. १९०० आणि २००० यांत यंत्राला फरक कळेना, म्हणून १९९९ च्या अखेरपर्यंत जगभर जुने कार्यक्रम तपासून दुरुस्त करावे लागले. आमच्या निकालपत्रकाच्या कार्यक्रमातही जन्मवर्ष दोनच आकड्यांत होते. जागा वाचवताना आपण काय गाळतो आहोत, हे गाळणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. ते पुढच्या पिढीच्या ध्यानात येते.

पुसणे म्हणजे काय

आपण लहानपणी पाटी पुसत असू. पाटी पुसली की अक्षर गेले. संगणकाच्या चकतीचे तसे नाही, आणि हे समजणे फार महत्त्वाचे आहे.

१९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये बिल गेट्स आणि मार्क मॅकडोनाल्ड यांनी फॅट नावाची व्यवस्था आखली. तीच पुढे डॉसमध्ये आली. तिचे स्वरूप ग्रंथालयासारखे आहे. चकतीवरील जागा समान आकाराच्या गटांत विभागलेली असते. एका ठिकाणी फाइलींची यादी असते, त्यात फाइलीचे नाव, आकार आणि तिचा पहिला गट कोणता याची नोंद. दुसऱ्या ठिकाणी एक तक्ता असतो आणि एका गटानंतर पुढचा गट कोणता हे त्यात लिहिलेले असते. एखादी फाइल ओळीने लागून असलेल्या गटांत असेल असे नाही. जेथे जागा मिळेल तेथे तिचे तुकडे पडतात.

आता फाइल पुसण्याची आज्ञा दिली म्हणजे डॉस काय करी? यादीतल्या नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठरावीक खूण करी आणि तक्त्यातली साखळी कोरी करी. मजकुराला हातही लावीत नसे. पुस्तक फडताळातच असे, केवळ नोंदवहीतले नाव खोडलेले असे. मात्र ती जागा आता मोकळी समजली जाई आणि पुढची कोणतीही नवी फाइल त्यावर लिहिली जाण्याचा संभव असे.

याच गोष्टीचा फायदा पीटर नॉर्टन या अमेरिकी गृहस्थांनी घेतला. स्वतःची एक फाइल चुकून पुसली गेल्यावर ती पुन्हा टंकलिखित करण्याऐवजी त्यांनी ती परत काढणारा कार्यक्रम लिहिला. १९८२ साली निघालेल्या नॉर्टन युटिलिटीज या संचाचे ते मोठे आकर्षण ठरले. पुढे १९९१ सालच्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत तशीच एक आज्ञा अंगभूत आली. ती दिली की यंत्र पुसलेल्या फाइली एकामागून एक दाखवी आणि प्रत्येकीचे गेलेले पहिले अक्षर आपल्याला विचारी. ते अक्षर यंत्राजवळ उरलेले नसे, माणसाला आठवावे लागे.

निकाल लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी सर दुपारी आले आणि बारावी आठवण लिहायला बसले. त्यांना त्यांची यादी दिसेना. त्यांनी मला हाक मारली. पडद्यापुढे उभा राहिल्याक्षणी काय झाले ते मला उमगले.

मी ती आज्ञा दिली. यंत्र एकेका फाइलीचे पहिले अक्षर विचारी आणि सर आपल्या वहीत पाहून ते सांगत. परंतु मधल्या तीन दिवसांत निकालाच्या कार्यक्रमाने चकतीवर पुष्कळ लिहिले होते आणि साखळी कोरी झाल्याने यंत्र तुकडे लागूनच असतील असे गृहीत धरी. तीन आठवणी पूर्ण मिळाल्या. दोन अर्ध्या मिळाल्या. त्यांतल्या एकीत, एक गृहस्थ पहिल्यांदा शाळेत आल्याचे वर्णन करीत असताना वाक्य मध्येच तुटत होते आणि पुढे नववीच्या एका तुकडीचे बीजगणिताचे गुण येत होते. उरलेल्या सहा गेल्या.

मी म्हटले, ‘सर, कॅसेट तर आहेत ना?’ त्यावर ते थोडे हसले. कॅसेट महाग पडत, म्हणून एक आठवण लिहून झाली की तीच कॅसेट ते पुढच्या भेटीसाठी वापरीत. ‘तुम्ही चकती मोकळी केलीत, मी कॅसेट मोकळ्या केल्या,’ एवढेच ते म्हणाले. मला त्यांनी शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मला बरे वाटले असते.

असे प्रसंग मोठमोठ्या संस्थांवरही आले आहेत. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला, त्या वेळच्या मूळ संकेतांच्या फिती अमेरिकेच्या नासा संस्थेला पुढे सापडेनात. २००९ साली तिने जाहीर केले की, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस फितींची टंचाई असताना त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. प्रक्षेपणाच्या प्रती उरल्या, पण त्याहून स्पष्ट असलेले मूळ गेले.

न पुसता जागा करण्याचे प्रयत्न

पुसण्यावाचून जागा करता येईल का, याचाही एक इतिहास आहे आणि गणिताचा शिक्षक म्हणून तो मला विशेष प्रिय आहे. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी संदेशातील माहिती मोजण्याची रीत दिली. भाषेत पुनरुक्ती पुष्कळ असते, ती काढून टाकली तर मजकूर लहान होतो आणि अर्थ कणभरही जात नाही, हे त्यातून गणिताने सिद्ध झाले. १९५२ साली डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड खूण व क्वचित येणाऱ्या अक्षराला लांब खूण देण्याची उत्तम पद्धत प्रसिद्ध केली. मुळात ती त्यांनी विद्यार्थी असताना वर्गातल्या एका निबंधासाठी शोधली होती. १९७७ आणि १९७८ साली इस्रायलमधील अब्राहम लेम्पेल व जेकब झिव यांनी आधी येऊन गेलेल्या शब्दसमूहाकडे नुसता निर्देश करण्याची युक्ती मांडली. १९८९ सालचा फिल कॅट्झ यांचा पीकेझिप हा कार्यक्रम याच परंपरेतला. झिप फाइल हा शब्द आपण रोज वापरतो, तो तेथून आला.

१९९० साली स्टॅक कंपनीच्या स्टॅकर या कार्यक्रमाने संपूर्ण चकतीच अशी दाबून ठेवण्याची सोय केली. चाळीस मेगाबाइटची चकती जवळपास ऐंशीची होते, असे सांगितले जाई. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने डॉसच्या सहाव्या आवृत्तीत डबलस्पेस नावाची तशीच सोय दिली. स्टॅकने पेटंटभंगाचा दावा लावला. १९९४ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने स्टॅकला बारा कोटी डॉलर भरपाई देवविली आणि त्याच वर्षी तडजोड झाली. जागेची किंमत त्या काळी काय होती, हे या आकड्यावरून कळावे.

पुढे चकत्या मोठ्या झाल्या, पण नवी अडचण आली. फॅटच्या जुन्या पद्धतीत गटांची संख्या मर्यादित असल्याने चकतीचा विभाग मोठा झाला की गटही मोठा करावा लागे. दोन गिगाबाइटच्या विभागात एक गट ३२ किलोबाइटचा होई. दोन किलोबाइटचे एक पानी पत्रही ३२ किलोबाइट अडवून बसे. सोळा भागांतले पंधरा भाग वाया. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत फॅट-३२ ही पद्धत आली तेव्हा हा अपव्यय कमी झाला.

याच सुमारास पुसण्याच्या कृतीतही एक शहाणपण आले. १९८३ सालच्या ॲपलच्या लिसा संगणकात कचऱ्याच्या टोपलीचे चित्र होते आणि १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये ते रूढ झाले. विंडोजमध्ये ती सोय १९९५ साली रिसायकल बिन या नावाने आली. पुसलेली फाइल तेथे राही आणि त्यासाठी चकतीचा सुमारे दहावा हिस्सा राखलेला असे. चूक मान्य करण्यासाठी जागा राखून ठेवावी लागते, हे यंत्र बनवणाऱ्यांनी ओळखले ही मला मोठी गोष्ट वाटते. ती सोय दोन वर्षे आधी आमच्या खोलीत असती तर आजचे व्याख्यान झाले नसते.

आजची स्थिती

आज जागा स्वस्त आहे असे आपण म्हणतो. पण आजही ‘जागा संपली’ हा संदेश येतोच आणि आपण तितक्याच घाईने पुसायला बसतो. दोन गोष्टी मात्र बदलल्या आहेत.

पहिली, फिरत्या चकतीच्या जागी आता बहुतेक संगणकांत एस.एस.डी. असते. तिच्यात लिहिण्यापूर्वी जुना मजकूर खरोखरच पुसावा लागतो. म्हणून २००९ सालच्या विंडोज ७ पासून, फाइल पुसली की तिचे गट रिकामे झाल्याची सूचना साठवणीला लगेच दिली जाते आणि ती आपल्या सवडीने ते साफ करते. परिणाम असा की नॉर्टन यांची युक्ती तेथे बहुधा चालत नाही. माझ्या हाती १९९५ साली तीन फाइली तरी लागल्या. आज तीच चूक केली तर कदाचित एकही लागणार नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. आमच्या जिस्ट कार्डावर देवनागरीचे एक अक्षरचिन्ह एका बाइटमध्ये मावे, म्हणून सरांची १६५ पाने सुमारे ३३० किलोबाइट होती. युनिकोडच्या आज रूढ असलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तरीही ती पाने एक मेगाबाइटच्या आतच बसतील. मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्र तीन मेगाबाइटचे असते. म्हणजे अकरा माणसांचे आयुष्य एका छायाचित्राच्या तिसऱ्या हिश्श्यात मावते. १९९५ सालीही त्यांनी चकतीचा शंभरावा भागसुद्धा अडवला नव्हता. टंकलेखन शिकवणारा एक खेळ आणि नमुन्याची चित्रे यांनी मात्र सहा मेगाबाइट व्यापले होते. त्यांची नावे मला वाचता येत होती, म्हणून मी ती ठेवली.

यावरून मी शिकलो ते थोडक्यात सांगतो. जागा हवी असेल तर यादी आकाराप्रमाणे लावून प्रथम सर्वांत मोठ्या वस्तू पाहाव्यात. बहुतेक अडचण चार-दोन फाइलींतच असते. तात्पुरत्या फाइली, न वापरले जाणारे कार्यक्रम, एकाच चित्रफितीच्या अनेक प्रती हे आधी जावे. लहान फाइलींच्या मागे लागू नये, त्यांतून जागा मिळत नाही आणि नुकसान मात्र होते. जे दुसऱ्याने ठेवले आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. एक प्रत अन्यत्र केल्याशिवाय काही पुसू नये. आणि नाव कळले नाही तर फाइल उघडून वाचावी.

निवड करणे वेगळे आणि नष्ट करणे वेगळे, हे सर नेहमी रियासतकारांचा दाखला देऊन सांगत. गोविंद सखाराम सरदेसाई यांची हयातीतली ऐन वर्षे आपल्या बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात सिद्ध केले. अफाट दफ्तरातून त्यांनी थोडेच छापले. पण जे छापले नाही ते रुमालांत बांधून जागच्या जागी राहिले, आणि पुढच्या अभ्यासकाला आपली वेगळी निवड करता आली.

सहा आठवणींचे काय झाले

त्या उन्हाळ्याच्या सुटीत सर आणि मी पुन्हा घरोघर गेलो. सहांपैकी दोघे तोवर वारले होते. उरलेल्या चौघांनी पुन्हा सांगितले, पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस आवरते घेतो. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, ‘ते सगळे मी सरांना सांगितले आहे की.’ मी खाली पाहिले.

वारलेल्या दोघांत एक बाई होत्या. त्यांच्या आठवणीची पाने सर्वांत अधिक, तेवीस होती, हे सरांच्या वहीतून मला कळले. त्यांत काय होते असे मी सरांना एकदा विचारले. त्यांनी जेवढे आठवत होते तेवढे सांगितले आणि मी ते लिहून घेतले. ते दीड पान झाले. ती तेवीस पाने माझ्या समोर दोन वर्षे होती आणि मी एकदाही वाचली नव्हती.

सर २००३ साली गेले. ज्या पाच आठवणी वाचल्या, ज्या चार पुन्हा मिळाल्या आणि हे दीड पान, असे सर्व आता कागदावर छापून शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे. त्याची एक प्रत माझ्या घरी आणि एक माजी विद्यार्थी संघाकडे आहे.

समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून मी थांबतो. आपल्या घरी माळ्यावर एखादा जुना संगणक, फ्लॉपींचा डबा, वडिलांची हार्डडिस्क पडली असेल. भंगारात देण्यापूर्वी ती एकदा शाळेत आणावी. आमचे संगणकाचे शिक्षक जे निघेल ते काढून देतील. मी अजून दुपारी मोकळा असतो. जे निघेल ते मी वाचीन.